जुनी फोर-बाय-फोर स्पितीला न्यायची, तर मुंबईत काय काय करून घ्याल

दहा-बारा वर्षांची महिंद्राची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेलची जुनी थार), मारुतीची जिप्सी किंवा त्याहून जुनी महिंद्रा मेजर दारात असते आणि हिमाचलातल्या स्पितीचा बेत ठरतो. पहिला फोन बहुधा टायरवाल्याला जातो, दुसरा लाइट बारवाल्याला, म्हणजे छतावर जादा दिव्यांची पट्टी लावणाऱ्याला. हा क्रम उलटा आहे. जुन्या गाडीत आधी रबर, द्रव, बेअरिंग आणि लोखंड मूळ स्थितीला आणायचं. पैसे उरले तर सुधारणा. स्पितीतल्या काझाच्या अलीकडे गाडी अडकते ती लाइट बार नाही म्हणून नव्हे, दोनशे रुपयांचा होज फुटला म्हणून.

सप्टेंबरात निघायचं असेल तर वेळापत्रक मागे मोजत या. गंजाचं काम पावसाआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. जुलैच्या दमट हवेत चासीवर मारलेला प्रायमर धड धरत नाही. यांत्रिक कामं जून-जुलैत, सगळं सामान भरून चाचणी ऑगस्टमध्ये. गणपतीच्या आठवड्यात मुंबईतली अर्धी गॅरेजं ओस पडतात, मिस्त्री कोकणात गेलेले असतात. त्या दिवसांत गाडी खोलून ठेवली तर ती तशीच राहील.

आधी गंज

समुद्राची खारी हवा आणि चार महिने ओलं अंग यामुळे मुंबईची गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. गाडी रॅम्पवर घ्या. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, घोड्या (लोखंडी आधार) लावा. हातात लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर हवा. चासीवर ठोकत जा. धड लोखंड टणक वाजतं, पोखरलेलं भदभदतं. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तिथे पॅच वेल्डिंग लागणार.

मागच्या चाकांच्या मागचा चासीचा भाग, पाट्यांचे (सस्पेन्शनच्या लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॉडी माउंट, क्रॉस मेंबरचे सांधे आणि फूटमॅटखालचा पत्रा या जागा चुकवू नका. चासीच्या पोकळ भागाला खालून पाणी निचरायची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खातं. तारेने ती मोकळी करा.

गंजावर थेट काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेणं हा पैसे देऊन गंज झाकण्याचा प्रकार आहे. त्या डांबरी थराखाली ओल अडकते आणि वर्षभरात पत्रा पापडासारखा सुटतो. आधी वायर ब्रशने सुटा गंज काढा, मग रस्ट कन्व्हर्टर, तो वाळल्यावर झिंक प्रायमर, त्यावर रंग. चासीच्या पोकळीत कोटिंग नको, नळीने मेणयुक्त कॅव्हिटी वॅक्स सोडा.

ब्रेकचे धातूचे पाइप चासीला जिथे क्लिपने धरलेले असतात तिथेच गंजतात, कारण क्लिपखाली ओली माती बसते. क्लिप सोडवून बघा. बोटाला खड्डे लागले की पाइप बदला. कुप्रोनिकेलचा (तांबं-निकेलचा) पाइप सहज वाकतो आणि गंजत नाही. फक्त टोकांना डबल फ्लेअर (दुहेरी मुडपलेली कड) करून घ्या. रबरी होज मुडपून पाहा, भेगा दिसल्या तर सगळे एकदम बदला.

कूलिंग: इथे कंजुषी नको

मुंबईत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणं. शहरात ते खपून जातं, म्हणून मालकाला पत्ताही नसतो. स्पितीच्या पहाटेच्या थंडीत मात्र असं इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. हीटर कोमट राहतो, डिझेल नीट जळत नाही, तेल घट्ट राहून झीज वाढते. पहिलं काम म्हणजे हाउसिंग उघडून थर्मोस्टॅट जागेवर आहे ना ते बघणं. असेल तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, समजा ८२ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढच्या १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

दुसरी खोड रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घालायची. त्यात गंजरोधक नसतं, शून्याखाली ते गोठतं आणि गोठताना फुगून ब्लॉकला तडा देऊ शकतं. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत जातो. बदलण्याची रीत अशी:

१. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचा आणि जमल्यास ब्लॉकचा ड्रेन उघडा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटर कोअरमधलं (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधलं) जुनं पाणी तिथेच राहतं.

२. साधं पाणी भरा, इंजिन गरम करा, गार होऊ द्या, काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे पुन्हा करा. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा.

३. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच. म्हणून तयार मिश्रण न घालता आधी शुद्ध कॉन्सन्ट्रेट, मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मं. क्षमता ८ लिटर असेल तर ४ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने.

४. झाकण न लावता इंजिन चालवा, वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. बुडबुडे थांबले की पातळी पुरी करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा पाहा.

झाकण ही क्षुल्लक वस्तू नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के असतो आणि उघडं पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनाचं रोजचं तापमानही तेवढंच. कूलंटला उकळण्यापासून वाचवतो तो झाकणाने धरलेला दाब. ०.९ बारचं झाकण ०.५ लाच सुटत असेल तर मुंबईत कळणार नाही, कुंझुम खिंडीच्या चढावर कळेल. रबर कडक झालेलं झाकण बदलून टाका. मग प्रेशर टेस्टर लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरा आणि १५ मिनिटं काटा स्थिर राहतो का बघा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर हीटर कोअर किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या.

होज दाबून बघताना क्लॅम्पजवळ बघा. तिथेच ते फुगतात, मऊ पडतात. दहा वर्षांचे असतील तर न तपासता सगळे बदला. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून पांढरट किंवा हिरवट डाग उतरलेला दिसला तर पंपाचा सील सुटलाय. व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन गरम असताना बंद करून लगेच पातं हाताने फिरवा. मोकळं गरगरलं तर कपलिंग गेलेलं आहे.

ब्रेक, क्लच, चाकं

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २०५ अंश, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ साठी तेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर सगळं काढा, एक लिटर डॉट ४ पुरतं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलेंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काढताना वरची बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरून सगळं पहिल्यापासून. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचंही ऑइल त्याच वेळी.

मागचे ड्रम उघडून व्हील सिलेंडरचं रबरी बूट उचला. आत ओल दिसली तर सिलेंडर बदला. डिस्क पॅड ३ मिलिमीटरच्या जवळ आले असतील तर निघण्याआधीच नवे टाका आणि घाटात एकदा रुळवून घ्या.

क्लच घसरतो का हे चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कळतं. आरपीएम वर पळाले आणि वेग मागेच राहिला तर प्लेट संपत आलीय. स्पितीत नाल्यात हाफ क्लचवर काम पडतं, तेव्हा शंका असेल तर इथेच बदला. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचा क्रँक ऑइल सीलही टाका, मजुरी एकच.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावीकडे-उजवीकडे. वर-खाली चाल असेल तर व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. आडवी चाल असेल तर टाय रॉड एंड. पुढची बेअरिंगं काढून रॉकेलने धुवा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर टाका, नाहीतर एनएलजीआय २ दर्जाचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या आतपर्यंत दाबून भरा. वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. सील नवंच.

सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने आणि नवे दोन्ही. बॉडी, हँगर, ब्रॅकेट, दरवाजे जुने घ्यायला हरकत नाही. बेअरिंग, सील, ब्रेकचे भाग आणि टाय रॉड एंड मात्र जुने किंवा ‘ओरिजिनलसारखे’ घेऊ नका. शंभर रुपये वाचतात आणि चाक जातं.

डिफरेन्शियल, ट्रान्सफर केस आणि वर्षानुवर्षं न लावलेली फोर-व्हील

डिफरेन्शियल (ॲक्सलमधले गिअर) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) यांची तेलं बदलताना नियम एकच: भरायचा प्लग आधी उघडा, काढायचा नंतर. भरायचा प्लग गंजून बसलेला असेल आणि तेल आधीच निथळलं असेल तर गाडी तिथेच बसली. निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. प्लगच्या चुंबकावर राखेसारखी पेस्ट असणं ठीक, नखाएवढे तुकडे नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय आणि बहुधा ब्रीदर (हाउसिंगला हवा खेळती ठेवणारं भोक) बुजलाय.

हे होतं कसं? रस्त्यावर तापलेलं हाउसिंग नाल्याच्या बर्फाळ पाण्यात उतरतं, आतली हवा आकसते, ब्रीदर बुजलेला असल्याने ती सीलमधून पाणी ओढते. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला ८ मिलिमीटरची तेल सोसणारी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. सुधारणांच्या यादीत पैशाच्या मानाने याच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

डिफरेन्शियलला जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०, जुन्या घरघरणाऱ्याला ८५डब्ल्यू-१४० चालतं. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ खातात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनच कपांतून आलं तर चौथा सुकलेला आहे, क्रॉस बदला.

मुंबईत फोर-व्हीलचा लिव्हर वर्षात एकदाही हलत नाही. लिंकेज गंजतं, व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर नळ्या चिरतात. कच्च्या किंवा वाळूच्या मैदानावर ४एच आणि ४एल (फोर-व्हीलचा वेगवान आणि सावकाश गिअर) लावून पाहा. कोरड्या डांबरावर वळणं घेत हा प्रयोग करू नका, ट्रान्सफर केस आवळून बसते. आवळली की सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटते.

पाटे, आणि टॉर्शन बार पिळण्याचा नाद

पाटे धुऊन सेंटर बोल्टजवळ आणि डोळ्याजवळ केसासारखी भेग आहे का बघा. तडा असेल तर वेल्डिंग चालत नाही, तो पाटा बदलतात. यू-बोल्ट एकदा काढला की परत वापरायचा नाही, तो ताणलेला असतो. नवा लावल्यावर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचा. ही पायरी सगळे विसरतात आणि मग ॲक्सल जागेवरून सरकतो.

जुन्या थारचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर आहे. बार पिळला की पुढचा भाग फुकटात दोन इंच वर येतो, म्हणून गॅरेजवाला खुशीत करून देतो. पण स्प्रिंग त्याने कडक होत नाही, फक्त गाडी उंच बसते. चाकाला वर जायची जागा वाढते, खाली उतरायची संपते, आणि सीव्ही जॉइंटचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढून बूट फाटतो. बूट फाटला की दगडाची भुकटी ग्रीसमध्ये जाते आणि जॉइंट टकटकू लागतो. उंची मूळ मापावर ठेवा, चांगले शॉक ॲब्सॉर्बर टाका, मागे सामान जास्त असेल तर एक जादा पाटा. त्यानंतर अलाइनमेंट.

टायर

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही भरलेली असो, लांबच्या प्रवासाला नको. स्टेपनीची तारीख आवर्जून बघा, तीच सगळ्यात जुनी निघते. ऑल-टेरेन नक्षी पुरते. मड-टेरेन मुंबई-जयपूर डांबरावर गोंगाट करेल आणि ओल्यात घसरेल.

माप वाढवायचं असेल तर हिशेब करा. समजा, २४५/७५ आर१६ सुमारे ७७४ मिलिमीटर व्यासाचा, २६५/७५ आर१६ सुमारे ८०४. फरक चार टक्के: मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ला असेल. तेवढ्याने गिअरिंगही लांबतं, म्हणजे विरळ हवेत चढावर ओढ आणखी कमी. जिप्सीच्या विनाटर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद साडेचार हजार मीटरवर तशीही सुमारे ४० टक्के घटते. तिला मोठे टायर लावून वर नेणं शहाणपणाचं नाही.

वीज

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट हवी, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बदला, थंडीत ती आणखी दगा देईल. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. स्टार्टर रडत असेल आणि बॅटरी चांगली असेल तर अर्थ बघा: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टहून जास्त आलं तर अर्थ पट्टीखालचा गंज घासा. खाऱ्या हवेतल्या गाडीचे निम्मे विजेचे आजार इथेच संपतात.

मूळ हेडलाइटला रिले वायरिंग करून घेतलं तरी उजेड लक्षात येण्याइतका वाढतो. ५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात: २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ३० अँपिअरचा रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबवणारं काहीच नसतं.

इंजिन आणि डिझेल

इंजिन उगाच खोलू नका. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होत असेल आणि तेल फारसं खात नसेल तर तेल, फिल्टर आणि बेल्ट पुरे. चालू इंजिनावर तेलाचं झाकण उलटं ठेवून पाहा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंग झिजल्यात आणि बेत पुढे ढकला. डिझेल फिल्टर नवा टाका आणि खालच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. कॉमन रेलच्या इंजेक्टरांची रिटर्न-लीक चाचणी करा: प्रत्येकाची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एकीत दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर. टर्बोचे होज आणि क्लॅम्प तेलाने भिजलेले असतील तर हवा गळतेय, वर गेल्यावर काळा धूर तिथूनच.

कागद

नोंदणीला १५ वर्षं होत असतील तर मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबर) पाटी हवी. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबत हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांपासून निर्बंध आहेत, त्यांत बदल होत राहिलेत. निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा, आणि पानिपत, कर्नाल, रोहतकही एनसीआरमध्येच येतात हे मार्ग आखताना ध्यानात ठेवा. बुल बारवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. छतावरचा लाइट बार सार्वजनिक रस्त्यावर झाकून ठेवा.

वजन आणि चाचणी

सगळं भरून, टाकी फुल्ल करून, माणसं बसवून वजनकाट्यावर जा. मिळालेला आकडा आरसी आणि मॅन्युअलमधल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. २० लिटर डिझेल १७ किलो, तेवढंच पाणी २० किलो. हे छतावर नाही, मागच्या ॲक्सलच्या पुढे, खाली. जड टप कॅरिअर काढून ठेवलं तर उत्तमच.

त्याच वजनाने कसारा घाट चढून घोटीमार्गे भंडारदरा, परतताना माळशेज. घाटात तापमानाचा काटा बघा, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवा, खाली थांबून चारही रिमजवळ हात न्या. एकच रिम भाजत असेल तर तो कॅलिपर किंवा ड्रम अडकतोय. घरी आल्यावर सगळे नट-बोल्ट आवळा आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारा, नंतर रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल.

सोबत घ्यायचं: वरचा-खालचा रेडिएटर होज, बेल्ट, झाकण, दोन डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, एक पुढचं बेअरिंग सीलसकट, क्रॉस, यू-बोल्ट, दोन लिटर इंजिन तेल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, फ्यूज-रिले, क्लच केबल किंवा सिलेंडर किट, पंक्चर किट, कंप्रेसर, हायड्रॉलिक जॅक आणि त्याखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी. ओढून काढायला ६ ते ८ टनी पट्टा आणि पावणेपाच टनी शॅकल दोन. पट्टा टो-बॉलला कधीच अडकवू नका. तो बॉल तुटला की गोळीसारखा सुटतो.

निघण्याआधीचे चार दिवस गाडीला पाना लावायचा नाही. टायरची हवा मुंबईत भरलेली ३२ असेल तर काझाला फार वेगळी दिसणार नाही: बाहेरचा दाब घटल्याने पाच-साडेपाच पीएसआय वाढतात, पण तापमान तीस अंशांनी घटल्याने जवळपास तेवढेच उतरतात. दुपारच्या उन्हात मात्र काटा चढलेला दिसेल. गार टायरवरच माप घ्या, दगडगोट्यांच्या पट्ट्यात २२ पर्यंत उतरवा आणि डांबर लागलं की परत भरा. काझाच्या पंपावर टाकी तुडुंब करूनच लोसरकडे निघा. कुंझुम, बातल, छत्रू ओलांडून मनाली येईपर्यंत सुमारे २०० किलोमीटर मध्ये पंप नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या त्या वाटेवर गाडी शहराहूनही जास्त पिते.